विणलेल्या दोराला गाठ नको, सांधा हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१ जूनला मासेमारी थांबली की कोकणच्या बंदरांत नौका वर ओढून शाकारल्या जातात आणि पुढचे दोन महिने जाळी, इंजिन, फळ्या आणि रंगरंगोटीच्या कामांत जातात. या बंदीच्या काळात वर्तमानपत्रांतून डिझेलचा परतावा, बर्फाचे दर, वादळाचे इशारे, परप्रांतीय ट्रॉलरची घुसखोरी यांवर पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. परंतु ज्याच्या भरवशावर नौका नांगराला टिकते आणि भर समुद्रात इंजिन बंद पडलेली नौका दुसरीच्या मागे बांधून घरी आणली जाते, त्या दोराविषयी सहसा कोणी लिहीत नाही. व्यापारी जहाजांच्या डेकवर खलाशापासून सारंगापर्यंत, म्हणजे खलाशांच्या मुकादमापर्यंत, काम करून मी निवृत्त झालो. दोर हाच माझ्या नोकरीचा विषय होता, आणि आज बंदरावर फिरताना जे दिसते त्याबद्दल गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

तुटलेल्या किंवा लांबीला अपुऱ्या पडलेल्या विणीच्या दोराची दोन टोके निरगाठीने बांधलेली असतात, ती सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी दोन गाठी मारलेल्या असतात आणि उरलेली शेपटे लायटरने वितळवून चिकटवलेली असतात. काही ठिकाणी तर गाठही नसते. दोन्ही टोके ज्योतीवर धरायची, मऊ झाली की एकमेकांवर दाबायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि दोर कामाला लावायचा, असा प्रकार असतो. हे करणारी माणसे बेफिकीर मुळीच नाहीत. त्यांतील कितीतरी जणांचे हात पिळाच्या दोराचा सांधा अंधारातही बिनचूक घालतात. दोर बदलला, पण बदललेल्या दोराला सांधण्याची रीत किनाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, ही खरी अडचण आहे.

जुना दोर काथ्याचा असो, सुताचा असो वा मनिलाचा, तो पिळाचा असे. तीन पेड एकमेकांवर पिळून तो तयार होई आणि त्याचा सांधा, म्हणजे जहाजावर ज्याला स्प्लाइस म्हणतात तो, त्या पिळाच्या आधारानेच घातला जाई. दोन्ही टोकांचे पेड सोडवायचे, समोरासमोर एकमेकांत बसवायचे आणि मग प्रत्येक पेड समोरच्या दोराच्या एका पेडावरून व पुढच्या पेडाखालून पिळाच्या उलट दिशेने ओवत न्यायचा. मनिलासारख्या खरखरीत दोराला असे तीन फेरे पुरत. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत असल्यामुळे त्यांना किमान पाच लागतात. पिळाचा दोर आजही आपल्या नौकांवर भरपूर आहे आणि त्याचा सांधा कसा घालायचा हे सांगण्याची कोळी बांधवांना गरज नाही.

विणलेल्या दोराची घडण मात्र मुळातच वेगळी आहे. त्यात आठ, बारा, सोळा किंवा त्याहून अधिक बारीक पेड असतात. त्यांतले निम्मे उजवीकडे वळत जातात, निम्मे डावीकडे, आणि जाता जाता ते एकमेकांच्या वर-खाली होतात. दोन्हीकडचे वळण एकमेकांना तोलून धरते, म्हणून भार आला की हा दोर स्वतःभोवती फिरत नाही, हाताला मऊ लागतो आणि कप्पीतून सुरळीत धावतो. या गुणांमुळेच तो मोठ्या जहाजांवर, जहाजे ओढणाऱ्या टगवर, शिडाच्या नौकांवर आणि आता आपल्या मासेमारी नौकांवरही आला. पण त्याचे टोक उसवून पाहिले तर हातात बारीक पेडांचा गुंता येतो. ज्याच्याखालून काही ओवावे असा पीळच त्यात नसल्याने जुनी रीत तिथे चालत नाही, आणि मग माणूस गाठीकडे किंवा लायटरकडे वळतो.

गाठीने नेमके काय बिघडते ते नीट समजून घेतले पाहिजे. सगळ्या तंतूंनी भार सारखा वाटून घेतला तरच दोर आपल्या पूर्ण बळाने ओढ सहन करतो. गाठीत दोराला अगदी लहान वळण घ्यावे लागते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे सैल पडून चेंगरले जातात, आणि सारा भार थोड्याच तंतूंवर येतो. त्यामुळे साध्या गाठीने दोराचे ४० ते ५० टक्के बळ कमी होते आणि काही गाठींनी त्याहूनही अधिक. दोन टनांना तुटणारा दोर गाठ मारल्यावर एका टनाच्या आसपासच तुटू शकतो, आणि तो बहुधा गाठीच्या तोंडाशी तुटतो, जिथे सरळ दोर वळणात शिरतो. शिवाय गाठ कप्पीतून जात नाही, विंचच्या ढोलावर नीट बसत नाही, नौकेच्या काठावर घासत राहते, आणि ओल्या गुळगुळीत दोरात हळूहळू सरकतेही. नीट घातलेला सांधा दोराचे सुमारे ९० टक्के बळ राखतो, आणि कप्पी पुरेशी मोठी असेल तर तिच्यातून निघूनही जातो.

वितळवून जोडणे तर गाठीहूनही वाईट. कृत्रिम तंतू कारखान्यात ताणून ओढले जातात, तेव्हा त्यांच्यातील रेणूंच्या लांब साखळ्या तंतूच्या दिशेने एका रेषेत येतात आणि तंतूला बळ येते ते त्यामुळेच. तंतू वितळला की ही मांडणी मोडते आणि मागे उरतो तो ठिसूळ प्लास्टिकचा गोळा. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉनला २२० अंशांच्या पुढे जावे लागते, तर सर्वांत बळकट समजला जाणारा डायनिमासारख्या पॉलिएथिलीनचा दोर १५० अंशांच्या आतच वितळतो. टोक उसवू नये एवढ्यापुरती आच दाखवणे ठीक आहे. भार सहन करणारा जोड आगीने करू नये. थंड झालेल्या त्या गोळ्याच्या धारदार कडा शेजारचे तंतूही कापत राहतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

आता सांध्याकडे येतो. विणलेल्या दोराचे बरेच प्रकार आहेत, पण सुरुवात करावी ती आतून पोकळ असलेल्या एकेरी विणीच्या दोरापासून, कारण त्याचा सांधा सर्वांत सोपा आहे आणि त्यातले तत्त्व एकदा हाताला कळले की पुढचे समजते. असा दोर दोन्ही हातांनी एकमेकांकडे ढकलला तर तो आखूड होऊन फुगतो आणि आतली पोकळी उघडते. ओढला तर लांब होऊन बारीक होतो आणि पोकळी मिटते. म्हणून एका दोराचे शेपूट दुसऱ्याच्या पोकळीत पुरेशा लांबीपर्यंत घातले आणि मग भार दिला, तर बाहेरची वीण आतल्या शेपटाला चहूबाजूंनी आवळते. ओढ जितकी वाढेल तितकी ही पकड वाढते. दोर कुठेही तीव्र वळण घेत नाही, कुठेही चेंगरत नाही, आणि एका दोराचा भार दुसऱ्यात घर्षणाने थोडा थोडा, सबंध लांबीभर उतरत जातो.

यात पुरेशी लांबी हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि शिकाऊ माणूस नेमका तिथेच हात आखडता घेतो. पॉलिएस्टर, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ दोरात प्रत्येक शेपूट दोराच्या जाडीच्या साधारण ४२ ते ४४ पट आत जायला हवे. म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या दोराला प्रत्येक बाजूने अर्धा मीटर, आणि २४ मिलिमीटरच्या दोराला एक मीटर. डायनिमासारखा दोर फार निसरडा असतो. त्याला सुमारे ७२ पट लांबी लागते, म्हणजे त्याच १२ मिलिमीटरच्या दोराला प्रत्येक बाजूने ८६ सेंटिमीटरहून अधिक. दोर बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. एवढा दोर सांध्यात खर्च होतो हे पाहून जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. पण आखूड घातलेला सांधा दिसायला अगदी नीटस दिसतो आणि भार येताच सरकून निघतो, म्हणून तो गाठीपेक्षाही फसवा आहे.

काम असे करावे. दोन्ही दोरांची वितळलेली टोके कापून टाकावीत, कारण तो कडक मणी आत अडकतो, आणि नव्या टोकांना चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. प्रत्येक दोरावर टोकापासून ठरलेल्या लांबीवर पहिली खूण करावी आणि तिथून मागे तेवढ्याच लांबीवर दुसरी. दोर समोरासमोर असे ठेवावेत की दोन्हींच्या पहिल्या खुणा एकमेकींना भिडतील आणि प्रत्येकाचे शेपूट दुसऱ्या दोराच्या अंगावरून पुढे जाईल. मग फिड नावाची पोकळ, बोथट टोकाची सुई घेऊन शेपूट तिच्यात अडकवावे, समोरच्या दोराची वीण पहिल्या खुणेपाशी हलकेच फाकवून सुई आत घालावी, आणि नेफ्यातून नाडी ओवावी तशी ती पोकळीतून पुढे नेत दुसऱ्या खुणेपाशी बाहेर काढावी. आत नेताना बाहेरचा दोर चुण्या पाडत मागे ढकलत राहावे, म्हणजे पोकळी उघडी राहते. सुईने कुठलाही पेड भोसकला जाऊ नये. तसे झाले असे वाटले तर न आळसता मागे यावे. दुसऱ्या शेपटाचेही असेच करावे. फिड विकत घ्यायलाच हवी असे नाही. गुळगुळीत घासलेली स्टीलची बारीक नळी चालते, किंवा पातळ तार दुमडून केलेल्या फाशानेही शेपूट ओढून घेता येते. जाळे विणण्याची सुई ज्यांच्या हातात वाढली त्यांना हे हत्यार परके वाटणार नाही.

दोन्ही शेपटे दुसऱ्या खुणेतून बाहेर आली की ती आत दडवण्यापूर्वी निमुळती करावी लागतात. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून बहुतेक जण ते गाळतात. शेपूट जाडच्या जाड ठेवून आत एकदम संपले, तर जिथे ते संपते तिथे बाहेरचा दोर फुगीर भागावरून अचानक बारीक होतो, आणि त्या पायरीवर भार एकवटून तो तिथेच तुटतो. यासाठी शेपटाच्या टोकाकडच्या एक तृतीयांश ते निम्म्या लांबीत पेड टप्प्याटप्प्याने कापत जावेत. बारा पेडांच्या दोरात सहा उजव्या आणि सहा डाव्या वळणाचे असतात. प्रत्येक टप्प्यावर दोन्हींतला एक-एक काढला की शेपूट समतोल राहून बारीक होत जाते. त्यानंतर दोन दोर जिथे एकमेकांत शिरतात तिथे एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाहेरची वीण त्या जागेपासून दूर दाबत न्यावी. चुण्या निघतात आणि शेपूट आत गडप होते. हे दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा, वीण सगळीकडे सारखी दिसेपर्यंत करावे.

एवढ्यावर सांधा पुरा झाला असे समजू नये. पकड ओढीमुळे येते, म्हणून ओढ नसेल तेव्हा पकडही नसते. लाटांवर सैल-ताठ होत राहणाऱ्या नांगराच्या दोरात हा सांधा हळूहळू बाहेर सरकू शकतो. त्यासाठी जाड मेणविलेल्या दोऱ्याने, आतले शेपूट आणि बाहेरची वीण दोन्ही पकडतील असे आरपार टाके घालावेत, मग दोर पाव वळण फिरवून त्या रेषेला काटकोनात पुन्हा घालावेत. टाके आवळून वीण चुरगाळू नये. त्यांनी भार घ्यायचा नसतो, सैल दोरात शेपूट जागेवर ठेवायचे असते. शेवटी दोर खुंटाला बांधून ओढ हळूहळू वाढवावी, सैल करावी, पुन्हा वाढवावी, आणि शाईने केलेल्या खुणा सरकल्या नाहीत याची खात्री झाल्यावरच तो नौकेवर न्यावा.

सगळे विणलेले दोर मात्र असे पोकळ नसतात. बड्या जहाजांवर आणि शिडाच्या नौकांवर दुहेरी विणीचा दोर असतो: आत विणलेला गाभा आणि त्यावर विणलेले आवरण. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या अशा दोरात गाभा आणि आवरण भार साधारण निम्मा-निम्मा वाटून घेतात, त्यामुळे एकाचा गाभा दुसऱ्याच्या आवरणात आणि एकाचे आवरण दुसऱ्याच्या गाभ्यात, असे दोन्ही घटक सांधावे लागतात. हे काम पत्रातून शिकण्यासारखे नाही. जाणत्याच्या शेजारी बसूनच ते शिकावे. काही दोरांत गाभा डायनिमाचा आणि आवरण पॉलिएस्टरचे असते. तिथे जवळजवळ सगळा भार गाभ्यावर असतो आणि आवरण फक्त घर्षणापासून व उन्हापासून राखते. अशा दोराचे नुसते आवरण जोडून तो जोडला असे समजणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. आतून भरीव विणलेला दोर, जो दुकानात कपडे वाळत घालण्यासाठी किंवा किरकोळ बांधाबांधीसाठी मिळतो, त्याला पोकळीच नसल्याने त्याचा असा सांधा होतच नाही. गिर्यारोहकांचा गाभा-आवरणाचा दोर तर मुद्दाम न सांधता वापरायचा असतो. त्यांच्या पद्धतीत गाठीने होणारी घट आधीच हिशोबात धरलेली असते आणि इजा झालेला दोर बाद केला जातो. सह्याद्रीत चढाई करणाऱ्या तरुणांनी हे पत्र वाचून आपले दोर सांधायला घेऊ नयेत.

जुन्या दोराबाबत माझे मत कठोर आहे. मिठाने ताठलेला दोर गोड्या पाण्यात भिजवून, धुऊन मऊ केला तर सांधता येतो. पण ज्याच्या अंगावर लव उठली आहे, जो कुठे कडक आणि चकचकीत झाला आहे, किंवा जो हातात चुरगाळल्यावर भुकटी सोडतो, तो सांधून काही मिळत नाही. एका जागी झिजून तुटलेला दोर बाकीच्या लांबीतही झिजलेला असतो. पॉलिप्रॉपिलीन आपल्या उन्हात लवकर खंगते, हेही लक्षात ठेवावे. दोन निरनिराळ्या जातीचे किंवा निरनिराळ्या जाडीचे दोर अशा साध्या रीतीने सांधू नयेत. सांध्याच्या भागात एक जास्त ताणतो आणि दुसरा कमी, मग आतल्या आत घासून ते सुटतात किंवा झिजतात. आणि जिथे माणसाचा जीव दोराला टांगलेला आहे, उंच इमारतींचे रंगकाम करणाऱ्यांचा झुला असो वा विहिरीत उतरणारा कामगार असो, तिथे घरी घातलेला सांधाही नको आणि गाठीचा जोडही नको; अखंड, नवा आणि त्या कामासाठीच बनवलेला दोर हवा. शेतकरी बांधवांनाही हेच सांगेन. बोअरमध्ये पाणबुडी मोटार ज्या दोराने सोडतात तो पुरेशा लांबीचा एकसंध घ्यावा. गाठ केसिंगला घासून झिजते, आणि मोटार खाली गेली तर तिची किंमत दोराच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

यात एवढे गंभीर काय आहे, असे कोणी विचारील. ताणलेल्या दोरात ऊर्जा साठलेली असते आणि दोर तुटला की ती एका क्षणात मोकळी होते. नायलॉनचा दोर तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पाव भागाइतका आणि कधी त्याहूनही अधिक लांबतो. मग तुटलेले टोक ज्या वेगाने मागे येते, त्याच्या वाटेतून बाजूला होण्यास माणसाला वेळ मिळत नाही. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथे ‘झर्गा’ हे द्रवरूप नैसर्गिक वायूचे जहाज धक्क्याला बांधत असताना उच्च बळाच्या तंतूंचा दोर तुटला आणि त्याच्या फटकाऱ्याने एका अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. असे दोर फारसे ताणत नाहीत, म्हणून ते उलटून येत नाहीत, असा तोवर पुष्कळांचा समज होता. प्रशिक्षित माणसे आणि आधुनिक साधने असलेल्या जहाजावर हे घडते, तर गाठीवर गाठ मारलेल्या दोराने दुसरी नौका ओढणाऱ्या आपल्या तांडेलाच्या मागे उभ्या असलेल्या पोराचे काय होईल, याचा विचार व्हावा. ओढल्या जाणाऱ्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हा नियम सांधा कितीही चांगला असला तरी पाळलाच पाहिजे.

मोठ्या जहाजांसाठी ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सुधारित तरतुदी १ जानेवारी २०२४ पासून लागू झाल्या असून जहाज बांधण्याच्या दोरांची नियमित तपासणी व निगा आता बंधनकारक आहे. मासेमारी नौका या करारात येत नाहीत. त्यांच्यासाठी कोणी नियम करावा अशी माझी मागणी नाही. नियमाआधी हाताला काम यायला हवे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांनी आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी बंदीच्या काळात बंदराबंदरांत विणलेल्या दोराच्या सांध्याचे प्रत्यक्ष वर्ग घ्यावेत. एका सकाळी पोकळ दोराचा सांधा शिकून होतो, आणि ज्यांना पिळाचा सांधा येतो त्यांना तर दुपारपर्यंत थांबावेही लागणार नाही. जाळी दुरुस्त करणाऱ्या स्त्रियांना या वर्गांत आवर्जून बोलवावे. विणीची जाण त्यांच्या बोटांत आधीच आहे.

दुसरी विनंती दोर बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आहे. पुणे आणि वाई येथे तयार होणारे दोर व जाळी परदेशांतील मत्स्यशेतीपर्यंत जातात, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. विणलेल्या दोराच्या प्रत्येक वेटोळ्यासोबत त्याची जात, जाडी, तुटण्याचा भार आणि सांध्यासाठी लागणारी लांबी मराठीत छापलेला एक कागद दिला, तर दुकानदाराला फारसा खर्च येणार नाही आणि घेणाऱ्याला आपण कोणता दोर घेतला हे तरी समजेल. आज दुकानात दोर वजनावर विकला जातो आणि तो पोकळ आहे, दुहेरी आहे की भरीव, हे विचारले तर अनेकदा उत्तर मिळत नाही.

आपल्या दैनिकाने ऑगस्टमधील हंगामापूर्वी या सांध्याची पायरीपायरीची चित्रे एखाद्या पानावर छापली तर ती बंदरावरच्या शेडमध्ये डकवता येतील. कच्ची रेखाटने मी करून देईन. कोणत्याही संस्थेने बोलावल्यास सुया, दोरा आणि दोर घेऊन मी स्वखर्चाने येईन. ज्यांना तोवर घरीच सुरुवात करायची असेल त्यांनी १२ मिलिमीटर जाडीच्या नव्या पोकळ पॉलिप्रॉपिलीन दोराचे प्रत्येकी दोन मीटरचे दोन तुकडे घ्यावेत, पहिली खूण अर्ध्या मीटरवर आणि दुसरी एका मीटरवर करावी, आणि तयार झालेला पहिला सांधा नौकेवर न नेता कापून आत शेपूट कसे बसले आहे ते पाहावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त सारंग
हर्णे, ता. दापोली, जि. रत्नागिरी